मोजणीची साखळी कोणाच्या हाती?

(नाशिक येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दोन भावांत शेताची वाटणी व्हावयाची असली, की आपल्या खेड्यांत मोजणीसाठी त्रयस्थ माणूस बोलावला जातो. त्याने रोवलेल्या खुणांवर दोघेही भाऊ थोडेफार कुरकुरतात, क्वचित अपिलातही जातात. परंतु मोजणीची साखळी एका भावाच्या हाती देऊन ‘तूच मोज आणि तूच खुणा रोव’ असे गावातले कोणीही शहाणे माणूस म्हणत नाही. धाकटा भाऊ प्रामाणिक नाही म्हणून नव्हे, तर साखळी हाती आली म्हणजे प्रामाणिक माणसाचाही हात आपल्या बाजूला कळत-नकळत झुकतो, हे गावाला ठाऊक असते म्हणून. बांध कोरणाऱ्याला आपल्या समाजात मान नाही. सात-बारावरचे क्षेत्र कितीही मोठे असो, ‘बांध कोरला’ हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या त्या घराला चिकटून राहतो.

जे शहाणपण आपण गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या बाबतीत दाखवितो, तेच मतदारसंघांच्या आणि प्रभागांच्या सीमा आखताना दाखवितो काय? हा आजचा प्रश्न आहे. विषय वरकरणी रुक्ष आहे. नकाशे, लोकसंख्येचे गट, अध्यादेश, विधेयके, आयोग असे शब्द ऐकले, की सामान्य माणूस ते वकिलांवर सोपवितो. परंतु याच रुक्ष शब्दांच्या आड नाशिककरांचा महानगरपालिकेत प्रतिनिधी पाठविण्याचा हक्क जवळजवळ चार वर्षे स्थगित राहिला. म्हणून हा विषय समजून घेणे आवश्यक आहे.

एकाच शहरावरच्या दोन रेघा

नाशिक शहरावर निवडणुकीच्या दोन प्रकारच्या रेघा आहेत. पहिली विधानसभा आणि लोकसभा मतदारसंघांची. दुसरी महानगरपालिकेच्या प्रभागांची. दोन्ही रेघा त्याच गल्ल्यांतून, त्याच वस्त्यांतून जातात. परंतु त्या आखणारे हात मात्र वेगळे आहेत, आणि या फरकातच सारा धडा साठविलेला आहे.

पहिली रेघ पाहू. २००२ च्या परिसीमन कायद्यान्वये सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. २००१ च्या जनगणनेच्या आधारे त्याने देशभरचे मतदारसंघ नव्याने आखले. २००८ मध्ये ही रचना लागू झाली आणि २००९ च्या निवडणुका तिच्यावर झाल्या. महाराष्ट्राच्या लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ जागा कायम राहिल्या. बदलल्या त्या सीमा.

नाशिक जिल्ह्यात या आखणीने मोठी उलथापालथ केली. मालेगाव हा लोकसभा मतदारसंघ नकाशावरून पुसला गेला आणि दिंडोरी हा नवा मतदारसंघ अस्तित्वात आला. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभा मतदारसंघाला जोडले गेले. म्हणजे मालेगावचा माणूस कलेक्टर कचेरीच्या कामासाठी नाशिकला येतो, पण खासदार निवडतो तो धुळेकरांच्या सोबतीने! विधानसभेचे दाभाडी आणि सुरगाणा ही नावेच गेली. नाशिक शहरात पूर्व, मध्य आणि पश्चिम असे तीन मतदारसंघ झाले.

ज्यांच्या पायाखालची जमीन अशी सरकली, त्यांत सर्व पक्षांचे लोक होते. २००४ मध्ये मालेगावातून भाजपाचे खासदार झालेले हरिश्चंद्र चव्हाण यांना २००९ मध्ये नव्या दिंडोरीत जावे लागले. ते तेथे निवडून आले. सुरगाण्यातून अनेकदा विजयी झालेले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे जिवा पांडू गावित यांना कळवणमध्ये यावे लागले. ते २००९ मध्ये पराभूत झाले आणि २०१४ मध्ये तेथूनच निवडून आले. दोघांच्या विचारसरणींत दोन ध्रुवांचे अंतर. परंतु आयोगाच्या रेघेने दोघांना सारखेच हलविले, आणि दोघांनीही ती रेघ मान्य करून नव्या मतदारांसमोर हात जोडले.

हे का घडले? आखणी सर्वांना आवडली म्हणून नव्हे. त्या आखणीवर टीका पुष्कळ झाली. ती मान्य झाली, कारण साखळी खेळणाऱ्यांपैकी कोणाच्याही हाती नव्हती. आयोगात निवृत्त न्यायमूर्ती होते, केंद्रीय निवडणूक आयोगाचे प्रतिनिधी होते आणि राज्याचे निवडणूक आयुक्त होते. खासदार आणि आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसत, आपले म्हणणे मांडीत. परंतु त्यांना मताचा अधिकार नव्हता. प्रारूप प्रसिद्ध झाले, जाहीर बैठकांत हरकती ऐकल्या गेल्या. अंतिम आदेश संसदेपुढे आणि विधानसभेपुढे ठेवले गेले, परंतु त्यांतील एक स्वल्पविरामही बदलण्याचा अधिकार कायद्याने सभागृहाला दिलेला नाही. न्यायालयात आव्हान देण्याची वाटही अतिशय अरुंद ठेवलेली आहे. लोकप्रतिनिधींनी स्वतःच केलेल्या कायद्याने स्वतःचेच हात बांधून घेतले. यात त्यांचा कमीपणा नाही, मोठेपणाच आहे.

प्रभागांचा फिरता पाळणा

आता दुसरी रेघ पाहू. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. राज्य निवडणूक आयोग अस्तित्वात आला. महाराष्ट्रात एका प्रभागातून किती नगरसेवक निवडावयाचे, हे विधिमंडळाच्या कायद्याने ठरे आणि त्या चौकटीत प्रभागांच्या सीमा आयोग ठरवी. पहिल्या दृष्टीला ही विभागणी निर्दोष वाटते. परंतु चौकटच दर निवडणुकीला बदलू लागली तर?

नेमके तेच झाले. २००२ मध्ये मुंबई वगळता महानगरपालिकांत तीन सदस्यांचे प्रभाग होते. २००७ मध्ये एक सदस्याचा प्रभाग आला. २०१२ मध्ये दोन सदस्यांचा. २०१७ मध्ये चार सदस्यांचा. डिसेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडी सरकारने पुन्हा एक सदस्याची पद्धत आणली. त्यावर एकही सार्वत्रिक निवडणूक होण्यापूर्वीच २०२१ मध्ये त्याच सरकारने तीन सदस्यांचा निर्णय घेतला. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि चार सदस्यांचा प्रभाग परत आला. वीस वर्षांत तीन, एक, दोन, चार, एक, तीन आणि पुन्हा चार! नगराध्यक्ष आणि सरपंच थेट जनतेतून निवडावयाचे की सदस्यांतून, याचाही असाच पाळणा झाला. थेट निवड आली, गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली आणि २०२२ मध्ये पुन्हा परतली.

प्रत्येक बदलाच्या वेळी तात्त्विक कारण दिले गेले, आणि त्या कारणांत तथ्यही होते. मोठ्या प्रभागात एका गल्लीच्या दादागिरीला आळा बसतो, पक्षाच्या विचारावर मत पडते, महिलांचे ५० टक्के आरक्षण बसविणे सुलभ होते, असे एक बाजू म्हणते. लहान प्रभागात नगरसेवक घरचा असतो, नळाला पाणी आले नाही तर कोणाचे दार ठोठवायचे हे मतदाराला ठाऊक असते, अपक्ष कार्यकर्त्यालाही संधी राहते, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्ही युक्तिवाद विचार करण्याजोगे आहेत. परंतु तत्त्व दर पाच वर्षांनी, तेही निवडणुकीच्या तोंडावर आणि सत्तेच्या बदलाबरोबर बदलत असेल, तर त्याला तत्त्व कसे म्हणावे? आपल्याकडे यासाठी नेमकी म्हण आहे : ज्याच्या हाती ससा, तो पारधी.

नाशिकचेच आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेनुसार महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती. २०१२ मध्ये १२२ नगरसेवक ६१ प्रभागांतून निवडले गेले. म्हणजे एका प्रभागात सरासरी २४ हजार लोक. २०१७ मध्ये तेच १२२ नगरसेवक ३१ प्रभागांतून आले. चार सदस्यांच्या प्रभागात सुमारे ४९ हजार लोक. २०२२ साठीच्या आराखड्यात नगरसेवक १३३ आणि प्रभाग ४४ झाले. तीन सदस्यांच्या प्रभागात सुमारे साडेतेहतीस हजार. पुढे तो आराखडा गुंडाळला गेला आणि पुन्हा १२२ व ३१ हेच आकडे आले. २०२१ ची जनगणना झालेलीच नव्हती. लोकसंख्येचा अधिकृत आकडा एकच, २०११ चा. तरीही नगरसेवकांची संख्या १२२ वरून १३३ आणि १३३ वरून १२२ झाली. मुंबईत २२७ च्या २३६ झाल्या आणि पुन्हा २२७. माणसे तीच, वस्त्या त्याच, जनगणना तीच. बदलले ते मंत्रालयातले खातेदार.

येथे एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. अशा आखणीचा लाभ आखणाऱ्याला मिळतोच असे नाही. २०१२ ची द्विसदस्यीय रचना काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राजवटीत आली. नाशिकमध्ये मात्र ४० जागा मिळवून सर्वांत मोठा पक्ष ठरला तो महाराष्ट्र नवनिर्माण सेना. २०१७ मध्ये भाजपाने १२२ पैकी ६६ जागा जिंकल्या आणि मनसे पाचवर आली. नाशिकचा मतदार रेघांचा गुलाम नाही. मग रेघा कोणीही आखाव्यात, काय बिघडते? बिघडते ते असे, की विजय प्रामाणिक असला तरी तो संशयातून सुटत नाही. कार्यकर्त्यांनी पाच वर्षे उन्हातान्हात केलेल्या कामाचे फळ मिळते, आणि पराभूत पक्ष सहज म्हणून जातो, ‘प्रभागच तसे पाडले होते’. निष्पक्ष आखणीची सर्वाधिक गरज जिंकणाऱ्याला असते, ती यासाठी.

दूरदेशीचा अनुभव

हा रोग केवळ आपला नाही. १८१२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी आपल्या पक्षाला सोयीच्या मतदारसंघांचे विधेयक मंजूर केले. एका मतदारसंघाचा आकार नकाशावर सॅलॅमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसू लागला. विरोधकांनी गेरी आणि सॅलॅमँडर यांचा संधी करून ‘गेरीमँडर’ हा शब्द पाडला. त्या वर्षी गेरी स्वतः गव्हर्नरपदाची निवडणूक हरले, परंतु राज्याच्या सिनेटमध्ये त्यांच्या पक्षाचे बहुमत टिकले. रेघेची करामत ती हीच.

दोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी तो प्राणी जिवंत आहे. २०२५ मध्ये टेक्सास राज्यात सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाने, जनगणनेला अजून पाच वर्षे अवकाश असताना, मतदारसंघांची नवी आखणी हाती घेतली. गणपूर्ती होऊ नये म्हणून डेमोक्रॅटिक आमदार राज्य सोडून गेले. पुढे ती आखणी मंजूर झालीच. तिला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियात सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाने, नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाने आखलेले नकाशे बाजूला सारून नवे नकाशे पुढे आणले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये जनतेच्या मतदानाने ते मान्य करून घेतले. एकाने बांध कोरला म्हणून दुसऱ्यानेही कोरला. ज्या राज्याने निःपक्ष आयोगाची उत्तम पद्धत उभी केली होती, त्यानेच ती गुंडाळून ठेवली. सूडाच्या तर्कात चांगली व्यवस्था आधी बळी पडते.

लोकसभा-विधानसभेच्या बाबतीत आपण या रोगापासून बऱ्याच अंशी वाचलो, याचे श्रेय स्वतंत्र परिसीमन आयोगाच्या परंपरेला आहे. मग जे शहाणपण दिल्लीला सुचले, ते प्रभागांच्या बाबतीत मुंबईला का सुचू नये?

एकमताचा दिवस

उलट, घडले ते विपरीत. मार्च २०२२ मध्ये राज्य विधिमंडळाने प्रभागांची संख्या आणि सीमा ठरविण्याचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून शासनाकडे देणारी विधेयके मंजूर केली. इतर मागासवर्गीयांच्या राजकीय आरक्षणाचा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये त्यासाठी तीन कसोट्या घालून दिल्या होत्या आणि त्यांची पूर्तता होईपर्यंत निवडणुका पुढे ढकलण्याचा मार्ग सर्वांनाच हवा होता. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, त्यामागची सामाजिक न्यायाची भावनाही खरी होती. परंतु त्या भावनेच्या आधाराने मोजणीची साखळीच त्रयस्थाच्या हातून काढून घेतली गेली.

त्या दिवसाचे वैशिष्ट्य असे, की सत्ताधारी आघाडी आणि विरोधी भाजपा, एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोन्ही पक्ष या विधेयकांवर एकमत होते. दोन्ही सभागृहांत ती एकमताने संमत झाली. एकमत ही लोकशाहीत स्वागतार्ह गोष्ट खरी. परंतु सर्व खेळाडू मिळून पंचालाच मैदानाबाहेर पाठवितात, तेव्हा त्या एकमताकडे प्रेक्षकांनी सावधपणे पाहावयास हवे. आपण ज्या पक्षाला मत देतो, त्या पक्षाच्या बाबतीतही हे म्हणण्याचे धैर्य आपल्यापाशी असावयास हवे. नाहीतर आपण कार्यकर्ते राहत नाही, केवळ टाळकरी होतो.

पुढचा इतिहास ताजा आहे. ४ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा येण्यापूर्वीच्या प्रभागरचनेवर निवडणुका घेण्याचा आदेश दिला. जुलैमध्ये बांठिया आयोगाच्या अहवालानंतर आरक्षणाचा मार्ग खुला झाला. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने प्रभागरचना पुन्हा बदलली, तो बदल न्यायालयात गेला आणि ‘जैसे थे’चा आदेश झाला. त्यानंतर तारखांमागून तारखा. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले; पुढे ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढली आणि १५ जानेवारी २०२६ रोजी नाशिकसह राज्यातील महानगरपालिकांसाठी मतदान झाले.

रिकाम्या सभागृहाची किंमत

नाशिक महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. घटनेचा २४३ (यू) हा अनुच्छेद सांगतो, की महानगरपालिकेची मुदत पाच वर्षांची, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. घटनेने येथे ‘शक्य झाल्यास’ असा शब्द घातलेला नाही. तरीही जवळजवळ चार वर्षे नाशिकचा कारभार प्रशासकाने पाहिला. महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या ठायी आले. अंदाजपत्रक मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच.

यात कोणा अधिकाऱ्याची निंदा नाही. अधिकारी कर्तबगार असू शकतो, अनेकदा असतोही. परंतु सिडकोतल्या, पंचवटीतल्या, नाशिकरोडच्या सामान्य गृहिणीने रस्त्यातील खड्ड्याची तक्रार घेऊन जावयाचे कोणाकडे? आयुक्त बदलून जातात. नगरसेवकाला मात्र पुन्हा त्याच दारात मत मागायला यावे लागते. सिंहस्थाच्या तयारीची महत्त्वाची वर्षे याच काळात गेली. नोव्हेंबर २०२५ मध्ये साधुग्रामासाठी तपोवनातील वृक्ष तोडण्याचा प्रस्ताव आला आणि शहरात मोठा क्षोभ उसळला. साधू-महंतांच्या निवासाची सोय हवी, हेही खरे. आणि तपोवनाची झाडे हा या नगरीचा ठेवा, हेही खरे. अशा दोन खऱ्या गोष्टींचा मेळ घालण्यासाठीच तर महासभा असते. ती नव्हती, म्हणून वाद रस्त्यावर झाला. कोणत्याही बाजूचा असो, प्रत्येक नाशिककराला त्या वेळी एका गोष्टीची उणीव भासली असेल, ती म्हणजे आपल्या वतीने सभागृहात उभे राहून बोलणाऱ्या माणसाची.

रीत आणि बहुमत

येथे प्रश्न प्रभागांपुरता राहत नाही, तो विधिमंडळाच्या रीतीचा होतो. कायदा अक्षरांत असतो. रीत माणसांत असते. बहुमताला काय करता येते हे कायदा सांगतो, काय करू नये हे रीत सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना घटनात्मक नीतिमत्तेचा उल्लेख केला, तो याच जाणिवेतून. ती नीतिमत्ता निसर्गतः येत नाही, ती प्रयत्नाने जोपासावी लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

मराठी माणसाला या परंपरेचा अभिमान असावयास जागा आहे. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रे लिहून अध्यादेशांच्या वाढत्या वापराबद्दल नापसंती कळविली होती. सभापती आणि पंतप्रधान एकाच पक्षाचे असताना! पुढे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारमध्ये वर्षानुवर्षे तेच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढले जातात, हे संशोधनाने उघड केले. १९८६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेला घटनेशी केलेली लबाडी ठरविले. आपल्या विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्या आसनाची प्रतिष्ठा दीर्घकाळ सांभाळली; रोजगार हमी योजनेचे जनक म्हणूनही महाराष्ट्र त्यांना ओळखतो. आणि १९५७ मध्ये मावळातून जनसंघाचे आमदार म्हणून निवडून गेलेले रामभाऊ म्हाळगी! विरोधी बाकावर मूठभर माणसे, परंतु प्रश्न, लक्षवेधी, औचित्याचे मुद्दे या सभागृहाच्या आयुधांवर त्यांनी असे प्रभुत्व मिळविले, की सत्ताधाऱ्यांनाही त्यांची दखल घ्यावी लागे. केलेल्या कामाचा अहवाल ते मतदारांपुढे ठेवीत. नियम हे दुर्बलाचे शस्त्र आहे, हे त्यांनी आचरणातून दाखविले.

अलीकडच्या वर्षांत या परंपरेची झीज दोन्ही बाजूंनी झाली. ५ जुलै २०२१ रोजी भाजपाचे १२ आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी ते निलंबन रद्द केले, कारण अधिवेशनाच्या पलीकडे मतदारसंघाला प्रतिनिधीवाचून ठेवण्याचा अधिकार सभागृहाला नाही. फेब्रुवारी २०२१ पासून जुलै २०२२ पर्यंत विधानसभेला अध्यक्षच नव्हता. मधल्या काळात अध्यक्षाची निवड गुप्त मतदानाने करण्याचा नियम बदलला गेला. आणि २०२४ च्या निवडणुकीत विरोधी बाजूच्या एकाही पक्षाला एक-दशांश, म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत, तेव्हा त्यानंतरचे वर्षभर विधानसभेत विरोधी पक्षनेत्याचे आसन रिकामे राहिले. पहिल्या उदाहरणांत ज्यांनी सोसले, त्यांच्या हाती शेवटच्या उदाहरणात सत्ता होती. सोसलेल्याने तरी रीत मोडू नये, ही अपेक्षा वावगी आहे काय?

काय व्हावयास हवे?

उपाय अवघड नाहीत. इच्छा अवघड आहे.

प्रभागांची संख्या, सदस्यसंख्या आणि सीमा ठरविण्याचा अधिकार त्रयस्थाकडे परत जावा. राज्य निवडणूक आयोगाकडे द्या, किंवा परिसीमन आयोगाच्या धर्तीवर निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली राज्याचे कायम मंडळ नेमा. परंतु साखळी भावाच्या हाती नको.

निवडणूकपद्धतीत केलेला कोणताही बदल लगेचच्या निवडणुकीला लागू न करता त्याच्या पुढच्या निवडणुकीला लागू करावा. आपण सत्तेत असू की नसू, हे ठाऊक नसताना जो नियम केला जातो, तोच बहुधा न्याय्य असतो.

निवडणुकीच्या चौकटीला हात घालणारा बदल अध्यादेशाने होऊ नये. त्यावर सभागृहात चर्चा व्हावी, शक्य तर विधेयक संयुक्त समितीकडे जावे, आणि एकमत असेल तर ते चर्चेनंतरचे असावे.

नवी जनगणना आता होऊ घातली आहे. तिची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी गोठविण्याचा निर्णय ८४ व्या घटनादुरुस्तीने झाला होता, आणि २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांचे आरक्षणही परिसीमनाशी जोडले गेले. म्हणजे येत्या काळात देशभर साखळ्या बाहेर पडणार आहेत. त्या वेळी दक्षिणेकडची राज्ये काय म्हणतात, उत्तरेकडची काय म्हणतात, यावर वादळे उठतील. त्या वादळात महाराष्ट्राचा शब्द ऐकला जावा असे वाटत असेल, तर आपल्या घरातल्या प्रभागांची मोजणी आधी निःपक्ष करून दाखवावी लागेल.

आणि कार्यकर्त्यांसाठी, कुटुंबांसाठी एक साधे काम आहे. प्रारूप प्रभागरचना प्रसिद्ध होते, तेव्हा तिचा नकाशा महानगरपालिकेत लावला जातो आणि हरकती-सूचनांसाठी मुदत दिली जाते. तो नकाशा पाहावयास बहुधा इच्छुक उमेदवारच जातात. पुढच्या वेळी आपण जावे. आपल्या वस्तीच्या मधून रेघ का गेली, नाल्याच्या किंवा मोठ्या रस्त्याच्या नैसर्गिक सीमेवरून का गेली नाही, हे विचारावे. हरकत लिहून द्यावी आणि सुनावणीला हजर राहावे. ती हरकत आपल्या पक्षाच्या सोयीची आहे की गैरसोयीची, याचा हिशेब न करता ती द्यावी. ज्यांना राष्ट्रकार्य मोठ्या व्यासपीठावरच होते असे वाटते, त्यांनी सुनावणीच्या त्या खोलीत एक दुपार घालवून पाहावी.